नववी ते बारावी: अमेरिकेतल्या कॉलेजसाठी ॲक्टिव्हिटी कशा निवडाव्यात

शाळा उघडायची वेळ झाली की इथे अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला प्रश्न येतो: ‘मुलगी नववीत जातेय, कॉलेजच्या दृष्टीने कोणत्या ॲक्टिव्हिटी लावू?’ तासाभरात उत्तरांची रीघ लागते. रोबोटिक्स, डिबेट, मॉडेल यूएन, सायन्स ऑलिम्पियाड, डेका हा बिझनेसचा क्लब, हॉस्पिटलात व्हॉलंटियरिंग, एक खेळ, एक वाद्य, जमलं तर स्वतःची नॉनप्रॉफिट. एवढं सगळं करून ती पोरगी झोपणार कधी, हे मात्र कोणी विचारत नाही.

आठवी ते अकरावीतल्या मुलांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. पुण्या-मुंबईहून अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांनाही फॉर्म तोच भरावा लागतो, त्यामुळे व्हिसाचा भाग सोडून बाकीचं त्यांच्याही कामाचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: ॲक्टिव्हिटी कोणती हा दुय्यम प्रश्न आहे. तिथे आपल्या मुलावाचून कोणाचं काही अडतं का, हा खरा.

आधी कॉलेजांना याचं किती पडलंय ते बघा

सगळीच कॉलेजं ॲक्टिव्हिटी सारख्या बारकाईने बघत नाहीत. काही तर जवळजवळ बघतच नाहीत. हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती जाहीर करतात. गूगलवर विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाका, पीडीएफ उघडा आणि थेट सी७ या तक्त्यावर जा. अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, गुण, निबंध, शिफारसपत्रं, ॲक्टिव्हिटी, कलागुण, व्हॉलंटियर काम, नोकरीचा अनुभव अशा एकेका गोष्टीपुढे ‘अतिमहत्त्वाचं’, ‘महत्त्वाचं’, ‘विचारात घेतो’ किंवा ‘विचारात घेत नाही’ यांपैकी एका रकान्यात खूण असते. मनात असलेल्या आठ-दहा कॉलेजांचे हे तक्ते शेजारी शेजारी ठेवा. तासाभराचं काम आहे, पण महागड्या सल्लागाराच्या पहिल्या बैठकीत मिळणार नाही एवढं त्यातून कळतं.

कॅलिफोर्नियात कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या बहुतेक कॅम्पसमध्ये प्रवेश मुख्यतः गुणांवर होतो. यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, तसं नाही. तिथे अर्ज तपासायचे १३ निकष आहेत आणि वर्गाबाहेरचं काम, खास कौशल्य, घरची परिस्थिती यांचा त्यांत समावेश आहे. टेक्सासात शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनची मर्यादा मात्र त्याहून कडक आहे, आणि आत शिरूनही हवा तो मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळेल की नाही हे ठरताना ॲक्टिव्हिटी, निबंध सगळं पुन्हा तपासलं जातं. म्हणजे कंप्युटर सायन्स हवं असेल तर नुसत्या रँकवर निश्चिंत राहता येत नाही.

अतिनिवडक खाजगी कॉलेजांत आत काय चालतं, याचा सर्वात स्पष्ट पुरावा २०१८ साली, प्रवेशात भेदभाव होतो म्हणून हार्वर्डवर चाललेल्या खटल्यात बाहेर आला. तिथे अभ्यास, ॲक्टिव्हिटी, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा प्रत्येक बाबीला १ ते ६ अशी श्रेणी देतात आणि १ सर्वात वरची. ॲक्टिव्हिटीत १ म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं काहीतरी. २ म्हणजे शाळेत ठसठशीत काम, उदाहरणार्थ वर्गाचा अध्यक्ष किंवा शाळेच्या वृत्तपत्राचा संपादक. मला त्यात सगळ्यात रस वाटला तो ५ या श्रेणीत. घरच्या जबाबदाऱ्या किंवा शाळा चालू असताना केलेली नोकरी यांसाठी ती वेगळी राखलेली आहे. आजीला डायलिसिसला नेण्यात ज्याचे दोन दिवस जातात, त्याची यादी हार्वर्डच्या लेखीही कोरी नसते.

एवढं सगळं गुणांनंतर. डिबेटच्या स्पर्धांपायी केमिस्ट्रीत सी आला, तर तो सौदा कुठल्याच कॉलेजात परवडणारा नाही.

फॉर्म नववीतच उघडून बघा

अर्ज बारावीत भरायचा असला तरी रकाने आजच बघायला कोणी अडवत नाही. शेकडो कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करता येतो अशा ‘कॉमन ॲप’वर खातं काढायला वयाची अशी अडचण नाही. स्वतःचं खातं पालक म्हणूनही काढता येतं.

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटी लिहिता येतात. प्रत्येकीसाठी पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, आणि काय केलं हे सांगायला १५०, मोकळ्या जागा धरून. त्याखाली कोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, कॉलेजात चालू ठेवणार का, हे प्रश्न. सन्मान आणि बक्षिसांसाठी वेगळ्या ५ ओळी. यूसीचा फॉर्म निराळा: २० नोंदी, सहा प्रकारांत विभागलेल्या, आणि वर्णनाला ३५० अक्षरं. एमआयटीला तर चारच ॲक्टिव्हिटी पुरतात.

हे रकाने नीट वाचले तर फॉर्मच निम्मा सल्ला देतो. ‘कोणत्या इयत्तांत’ या चौकोनांत नऊपासून बारापर्यंत चारही खुणा असलेली एक ओळ आणि फक्त अकरावीची खूण असलेल्या सहा ओळी यांतला फरक डोळ्यांना लगेच दिसतो. अकरावीत घाईने लावलेले क्लब तिथे लपत नाहीत. शिवाय प्रकारांच्या यादीत ‘पगारी काम’ आणि ‘घरची जबाबदारी’ हे स्वतंत्र पर्याय आहेत. आपली मुलं हे दोन्ही हमखास विसरतात. धाकट्या भावाला रोज शाळेतून आणून, खायला घालून, त्याचा अभ्यास घेणारी मुलगी आठवड्याला दहा तास काम करत असते आणि तिला वाटतं आपण ‘काहीच करत नाही’.

दहा ओळी आहेत म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ साली ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल निघाला. दोन-तीन भरीव ॲक्टिव्हिटींपेक्षा जास्त दाखवायचा दबाव मुलांवर नसावा, हे कॉलेजांनी अर्जातच स्पष्ट लिहावं, अशी शिफारस त्यात होती. सगळ्यांनी ती मनावर घेतली असं मी म्हणणार नाही, पण सहा-सात खऱ्या ओळींची यादी अजिबात लंगडी दिसत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या मात्र लगेच ओळखू येतात.

आठवड्याचा हिशेब कागदावर मांडा

आठवड्यात १६८ तास. किशोरवयीन मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आपण आठच धरू, म्हणजे ५६. शाळा आणि जाणं-येणं ४०. अकरावीत दोन-तीन एपी (कॉलेजच्या दर्जाचे विषय) असतील तर घरचा अभ्यास १७. जेवणखाण, आंघोळ, घरची कामं, फोन धरून २१. शनिवार-रविवार मिळून नातेवाईक, मित्र आणि नुसतं लोळणं १४. उरले २०.

या वीस तासांत सगळं बसवायचं. मार्चिंग बँड किंवा शाळेचा एखादा खेळ हंगामात आठवड्याला बारा-पंधरा तास सहज खातो. रोबोटिक्सच्या मोठ्या स्पर्धेचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि तिथून मार्च-एप्रिलपर्यंत मुलं वर्कशॉपमध्येच मुक्कामाला असतात. म्हणून प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे तिचा जोराचा हंगाम लिहा. फॉल खेळ आणि वसंतातलं रोबोटिक्स एकत्र जमतं. बँड, फुटबॉल आणि नवरात्रीतले नाटकाचे प्रयोग एकाच ऑक्टोबरात आले की घरात भांडणं ठरलेली.

अर्ज वाचणाराही हीच बेरीज करतो. आठवड्याचे तास मिळवल्यावर ४५ होत असतील तर एक तर मूल आजारी पडणार आहे, नाहीतर आकडे फुगवलेले आहेत.

नववी चाखायची, दहावी गाळायची

नववीच्या सप्टेंबरात क्लबांची जत्रा भरते. मूल तिथून पंधरा ठिकाणी ईमेल देऊन येतं. येऊ द्या. पहिल्या महिन्यात चार-पाच बैठकांना बसून बघू द्या. मात्र दिवाळीच्या सुमारास एकदा बसून विचारा. ‘आवडतं का’ असं विचारलं तर ‘हो, ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा हे विचारा: तिथे गेल्यावर तू नेमकं काय करतोस? पुढच्या आठवड्याची बैठक रद्द झाली तर बरं वाटेल का वाईट? तुला तिथे नावानं ओळखणारं मोठ्या वर्गातलं कोणी आहे का?

तिन्ही उत्तरं पडेल आली तर ते सोडायचं. नववीत सोडलेल्या गोष्टीचं कुठेही वाईट दिसत नाही. ती फॉर्मवर लिहिलीच नाही तर कोणाला कळतही नाही.

एक सोपी विभागणी मला पटते: एक गोष्ट शाळेतली, एक शाळेबाहेरची, एक निव्वळ हौसेची. हौसेच्या गोष्टीत कॉलेजचा विषय काढायचा नाही. कोणी रुबिक क्यूब सोडवतं, कोणी बसचे मार्ग पाठ करतं, कोणी आईबरोबर पुरणपोळ्या करून विकायचा बेत आखतं. गंमत अशी की निबंध लिहायची वेळ आली की बऱ्याचदा तीच गोष्ट कामाला येते.

दहावीत गाळणी लावायची. दहावीच्या अखेरीस मुलाच्या हातात तीन-चार गोष्टी असाव्यात, आणि त्यांतल्या एका-दोघींत तरी तो नुसता सभासद नसावा.

‘तुझ्यावाचून अडतं का?’

आमच्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होतो. काही वर्षांपूर्वी एक नववीतली मुलगी साउंडच्या टेबलापाशी येऊन उभी राहायला लागली. पहिल्या वर्षी तिने फक्त केबली गुंडाळल्या. दुसऱ्या वर्षी तिला कळलं की तबल्याला दोन माइक लागतात, हार्मोनियमचा माइक भात्यापासून दूर ठेवायचा, आणि गायिकेच्या मॉनिटरचा आवाज वाढवत नेला की हमखास शिट्टी वाजते. अकरावीत तिने १६ चॅनेलच्या मिक्सरवर कुठल्या चॅनेलला काय, याचा आराखडा प्रत्येक कार्यक्रमासाठी कागदावर काढायला सुरुवात केली. नाटकाच्या संहितेत माइक चालू-बंद करायच्या जागा पेन्सिलने खुणावल्या. मग धाकट्या चार मुलांना हाताशी घेतलं. त्या वर्षी तिची एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा नेमकी दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशी आली, तर समितीने कार्यक्रम एक आठवडा पुढे ढकलायचा विचार केला.

याला म्हणतात अडणं. तिला पद कोणी दिलं नव्हतं. तिच्या शाळेत त्याच सुमारास एका क्लबाला पाच उपाध्यक्ष होते.

ही कसोटी कुठेही लावता येते. चाळीस जणांच्या रोबोटिक्स टीममध्ये रोबो चालवणारे दोन-तीनच असतात, पण स्पर्धेत इतर टीमांच्या रोबोंची नोंद ठेवणारा, सुट्या भागांचा हिशेब सांभाळणारा, प्रायोजकांना पत्रं लिहिणारा मुलगा गैरहजर राहिला की सगळ्यांची धांदल उडते. ती जागा शोधायची. हॉस्पिटलात पाट्या टाकल्यासारखे शंभर तास भरण्यापेक्षा जवळच्या लायब्ररीत दर शनिवारी त्याच चार मुलांना वाचायला शिकवणं केव्हाही वजनदार, कारण ती चार मुलं वाट बघत असतात.

आणि ती नॉनप्रॉफिट. पंधराव्या वर्षी काढलेल्या, वेबसाइट चकचकीत असलेल्या आणि अर्ज भरून झाल्यावर जानेवारीत बंद पडणाऱ्या संस्था प्रवेश अधिकाऱ्यांनी भरपूर पाहिल्या आहेत. गावात फूड बँक आधीच आहे, तर तिथे जाऊन त्यांची अडचण काय ते विचारावं. बहुतेक वेळा त्यांना नवी संस्था नको असते. मंगळवारी संध्याकाळी गाडीतून खोकी उतरवणारे हात हवे असतात.

तबला, भरतनाट्यम आणि मराठी शाळा

आपल्याकडच्या मुलांच्या हातात नववीच्या आधीपासून काहीतरी असतंच, आणि बरेचदा हायस्कूल आलं की ‘आता कॉलेजच्या ॲक्टिव्हिटी करायच्या’ म्हणून आईबाबाच ते बंद करतात. सात वर्षं तबला शिकलेल्या मुलाने तो सोडून दोन महिन्यांचा बिझनेस क्लब धरणं हे उफराटं आहे.

अडचण वेगळी असते: वाचणाऱ्याला आपल्या गोष्टींचं मोजमाप ठाऊक नसतं. ‘मध्यमा पूर्ण’ एवढंच लिहिलं तर त्याला काहीच बोध होत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षांमधली ती पाचवी, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही, असं लिहिलं की चित्र उभं राहतं. अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर एकल कार्यक्रम, त्याचंही तसंच. हॉल, दागिने आणि तीनशे माणसांचं जेवण हा आईबाबांचा खर्च. मुलीचं काम म्हणजे किती वर्षांचं शिक्षण, किती तास एकटीने रंगमंच पेलला, आणि त्यानंतर ती कोणाला शिकवते का. बरीच कॉलेजं कलेचं रेकॉर्डिंग वेगळं पाठवू देतात. तिथे शास्त्रीय गाणं, तबला, नृत्य पाठवायला संकोच करू नका, फक्त कॉलेजच्या संगीत विभागाच्या सूचना वाचून ठरलेल्या मिनिटांतच बसवा.

शनिवार-रविवारच्या मराठी शाळांना हायस्कूलमधले मदतनीस सदैव हवे असतात. सहा वर्षांच्या दहा पोरांना ‘ण’ आणि ‘न’ शिकवताना जो घाम फुटतो तो नेतृत्वाच्या कुठल्याही कॅम्पात फुटत नाही. मराठी वाचता-लिहिता येणाऱ्या मुलांनी ‘सील ऑफ बायलिटरसी’ या, दोन भाषा येत असल्याच्या प्रमाणपत्राबद्दल शाळेच्या काउन्सेलरला विचारावं. कॅलिफोर्नियाने ते सगळ्यात आधी सुरू केलं, नंतर देशभर पसरलं. मराठीची परीक्षा आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये कशी देता येते हे दहावीतच विचारलेलं बरं, कारण तजवीज करायला वेळ लागतो. मिळालं तर ते सन्मानांच्या पाच ओळींत जातं आणि ॲक्टिव्हिटीची एक ओळ मोकळी राहते.

आपल्या भागातल्या निम्म्या देशी मुलांची यादी सारखीच दिसते ही चिंताही कानावर येते. त्यावर उपाय म्हणून मुलाला न आवडणारी तलवारबाजी लावू नका. याद्या सारख्या दिसतात कारण सगळे क्लबाचं नाव लिहून थांबतात.

एच-४ असेल तर हे आधी वाचा

याबद्दल शाळेचे काउन्सेलर बहुधा काहीच सांगत नाहीत, कारण त्यांना ठाऊकच नसतं. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बी व्हिसाच्या आधाराने राहणाऱ्या मुलांना अमेरिकेत पैसे घेऊन काम करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळतो, पण तो पती-पत्नीसाठी, मुलांसाठी नाही. म्हणजे उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी, शेजारच्या बाळाला पैसे घेऊन सांभाळणं, पगारी इंटर्नशिप, यूट्यूबवरून मिळणारे पैसे, यांतलं काहीही इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय नको. नफा कमावणाऱ्या कंपनीत ‘बिनपगारी’ इंटर्नशिप म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नका, तेही विचारूनच. नॉनप्रॉफिट संस्थेत, लायब्ररीत, मंडळात खरोखरीचं मानसेवी काम करायला हरकत नसते.

मुलाला हे नववीतच सांगा. अकरावीच्या एप्रिलमध्ये, सगळ्या मित्रांना कामं मिळाल्यावर कळलं तर त्याचा फार विरस होतो. स्पर्धांच्या आणि उन्हाळी कार्यक्रमांच्या अटीही आधी वाचा. काही मोफत कार्यक्रमांना आणि काही ऑलिम्पियाडच्या राष्ट्रीय शिबिरांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. इथे जन्मलेल्या धाकट्या बहिणीला चालतं ते थोरल्याला चालत नाही, एकाच घरात.

अर्जात यासाठी जागा आहे. काउन्सेलरला पत्रात एक वाक्य घालायला सांगा, किंवा अधिक माहितीच्या चौकटीत मुलाने स्वतः दोन ओळी लिहाव्यात: व्हिसामुळे पगारी काम शक्य नव्हतं, म्हणून अमुक ठिकाणी मानसेवी काम केलं. रडगाणं नको, नुसती वस्तुस्थिती. आणि कॉलेज निवडताना प्रत्येक ठिकाणी विचारा की एच-४ अर्जदाराला ते आंतरराष्ट्रीय धरतात का, राज्यातली फी लागू होते का. सरकारी आर्थिक मदत या मुलांना मिळत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो. या दोन गोष्टींपुढे क्लबाचा प्रश्न अगदीच किरकोळ आहे.

उन्हाळा आणि पैसे

‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ अशी सोनेरी सील असलेली पत्रं दहावीत घरी येऊ लागतात. आत वाचलं तर नऊ दिवसांचा नेतृत्वाचा कॅम्प, मोठ्या विद्यापीठाच्या आवारात, आणि फी काही हजार डॉलर. विद्यापीठाचं आवार भाड्याने मिळतं. तिथे गेल्याने तिथे प्रवेश मिळायला मदत होते असं समजू नका. मुलाला मजा येणार असेल आणि खिशाला झेपत असेल तर खुशाल पाठवा, सहल म्हणून. पैसे घेऊन ‘संशोधन’ करवून देणारे आणि शेवटी पेपर छापून देणारे मार्गदर्शकही आता ढिगाने आहेत. तिथेही तोच निकष.

खरोखर निवडक कार्यक्रमांची खूण अशी की अर्ज अवघड असतो आणि फी एक तर नसते किंवा आर्थिक मदत चांगली असते. आरएसआय आणि एमआयटेस हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे उन्हाळी कार्यक्रम मोफत आहेत. गणिताच्या वेडासाठी प्रॉमिस आणि रॉस. या अर्जांच्या तारखा हिवाळ्यात येतात, म्हणून उन्हाळ्याचा विचार थँक्सगिव्हिंगला सुरू करायचा. आणि नाही मिळालं तर? कम्युनिटी कॉलेजचा एक कोर्स घ्या, बऱ्याच ठिकाणी हायस्कूलच्या मुलांना तो फुकट किंवा नाममात्र फीत मिळतो.

नाहीतर नोकरी. ज्यांना परवानगी आहे त्यांनी ही संधी हलकी समजू नये. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १४व्या वर्षापासून बहुतेक बिगरशेती कामं करता येतात. १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तासांची मर्यादा आहे. काही राज्यांचे नियम आणखी कडक आहेत आणि शाळेकडून परवाना लागू शकतो. आपल्या घरांत ‘दुकानात काउंटरवर उभा राहणार?’ म्हणून नाकं मुरडली जातात. पण चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला, गल्ला जुळवायला आणि सकाळी सहाच्या शिफ्टला स्वतः उठायला शिकलेलं पोर अर्जातही उठून दिसतं.

खेळाविषयी थोडक्यात: शिष्यवृत्तीच्या आशेने खेळत असाल तर हे जाणून घ्या की एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्री कॉलेजांत आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. प्रशिक्षकांचं बोलावणं येण्याजोगा खेळ असेल तर बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून संपर्क सुरू होतो. तसा नसेल तरी टीममध्ये चार वर्षं बाकावर बसणंही यादीत लिहिण्यासारखं आहे; घाम खरा असतो.

वही ठेवा, मग १५० अक्षरांत बसवा

नववीपासून एक गूगल शीट करा: तारीख, काय केलं, किती तास, कोणाबरोबर, काय बदललं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं. बारावीच्या ऑगस्टमध्ये नववीतलं काही आठवत नाही आणि मग मुलं अंदाजपंचे आकडे लिहितात. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना अकरावीच्या शेवटी हीच शीट निवडक स्वरूपात देता येते.

आता त्या साउंडवाल्या मुलीचीच ओळ घ्या. पहिला खर्डा असा होता: ‘मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत स्वयंसेवक म्हणून मदत केली. संघभावना, नेतृत्व आणि संवादकौशल्य शिकले.’ यात ती कुठेच नाही. दुसरा: ‘३ वर्षं गणपती-दिवाळीचा साउंड, १६ चॅनेलचा मिक्सर, नाटकांचे क्यू, मांडणीचे आराखडे लिहिले, ४ धाकट्या मुलांना तयार केलं.’ इंग्रजीतही हाच साचा: क्रियापदाने सुरुवात, आकडा, वस्तूचं नाव. ‘शिकले’, ‘आवड निर्माण झाली’, ‘संधी मिळाली’ हे सगळं खोडायचं. क्रम लावताना सगळ्यात महत्त्वाची ओळ वर, मोठ्या नावाची नव्हे.

आकडे खरे ठेवा. यूसी दरवर्षी काही अर्ज सरसकट निवडून लिहिलेल्या गोष्टींचे पुरावे मागते. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात न खेळलेल्या खेळांचे खोटे खेळाडू तयार केले होते आणि त्यात पालक तुरुंगात गेले. तुमचं मूल तिथवर जाणार नाही, पण ‘आठवड्याला १० तास’ लिहून मुलाखतीत गेल्या महिन्याचं काम विचारल्यावर गप्प बसलं, तरी व्हायचं ते नुकसान होतंच.

यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेरच्या सुमारास जातो, अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीचे, अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला. त्यामुळे यादी ऑगस्टमध्येच पक्की करा आणि मंडळाच्या बाहेरच्या, अमेरिकन अशा एका माणसाला वाचायला द्या. त्याला जिथे प्रश्न पडेल तिथे प्रवेश अधिकाऱ्यालाही पडणार. अर्लीत निर्णय पुढे ढकलला गेला तर जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजला अद्ययावत माहितीचं छोटं पत्र पाठवता येतं. कॉलेज ते घेतं का, हे त्यांच्या पोर्टलवर लिहिलेलं असतं. त्या पत्रात लिहायला काहीतरी असावं म्हणून बारावीच्या सप्टेंबरात सगळी कामं धाकट्यांच्या गळ्यात टाकून मोकळं होऊ नका. वर्षाच्या कार्यक्रमांच्या तारखा त्याच महिन्यात कॅलेंडरवर टाकून ठेवा, आणि एसएटीची तारीख घेण्याआधी तो कॅलेंडर उघडा.